सामानगडाचा गडकरी आणि चार वर्षांचा शिपाई

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे पाचला गेलात तर अंधारात आधी पावलं ऐकू येतात, पोरं मागाहून दिसतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे असतात. कडेला एखादा पेन्शनीत आलेला सुभेदार घड्याळ धरून उभा असतो आणि शेवटच्या फेरीला शिव्या न् शाबासकी एकाच दमात देतो. पोरं फौजेत का जातात, हे इथं कुणी विचारत नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीचं तर नावच 'सैनिक टाकळी' पडलंय. खरा प्रश्न पुढचा आहे: भरती झालेला माणूस तिथं टिकतो कशाच्या जोरावर? १४ जून २०२२ ला चार वर्षांच्या फौजी नोकरीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हा प्रश्न पारावर आला. पण प्रश्न जुना आहे, आणि त्याचा एक कडू धडा याच जिल्ह्यात घडून गेलाय.

शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. जहागीर दिली की सरदार तिथलाच होऊन बसतो, हे त्यांनी आदिलशाहीत जवळून पाहिलं होतं. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा तिघांत कारभार वाटलेला, म्हणजे एकट्याच्या मनात आलं तरी किल्ला शत्रूच्या घशात जाऊ नये. पुढच्या काळात ही रोखीची शिस्त सैल झाली. करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात गड राखणाऱ्या गडकऱ्यांना चाकरीबद्दल जमिनी लागून गेल्या आणि चाकरीही पिढीजात झाली. बाप पहाऱ्यावर, मग लेक पहाऱ्यावर. पगार तुटपुंजा असेना का, खालचं शेत आपलं आहे एवढ्या भरवशावर माणूस गड सोडत नसे.

१८४४ साली नेमका तोच भरवसा हलला. राजा अल्पवयीन होता आणि इंग्रजांच्या वतीनं दाजी कृष्ण पंडित कारभार बघत होता. महसुलाची घडी बसवताना त्यानं गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या. कागदावर ही निव्वळ सुधारणा होती. गडकऱ्याच्या लेखी मात्र आज शेत दुसऱ्याच्या हातात, तर उद्या चाकरी कुणाची? जुलैत गडहिंग्लजजवळच्या सामानगडाचे दरवाजे आतून बंद झाले. भुदरगडही उठला. बेळगावहून आलेल्या कंपनीच्या फौजेला सामानगड लगेच हाती लागला नाही. तो १३ ऑक्टोबरला पडला. दरम्यान बंडवाल्यांनी इंग्रज अधिकारी कर्नल ओव्हान्सला पकडून पन्हाळ्यावर कोंडलं. १ डिसेंबरला पन्हाळाही गेला. मग तटबंद्या पाडल्या, पिढीजात गडकऱ्यांची चाकरी मोडली आणि त्यांच्या जागी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची पगारी फौज उभी केली.

सामानगडावर आज भवानीचं देऊळ आहे, कातळात खोदलेली सात कमानींची विहीर आहे. पायऱ्या उतरून आत गेलं की भर उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो. शाळेच्या सहली येतात, फोटो काढून जातात. या उठावाला आपण स्वातंत्र्याचं बंड म्हणतो आणि ते खोटंही नाही. पण सुरुवात झाली ती नोकरीच्या शर्ती एकतर्फी बदलल्यामुळं, हे सांगताना आपण का कोण जाणे जरा अडखळतो.

नेसरीची खिंडही याच गडहिंग्लज तालुक्यात. आदिलशाही सरदार बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांचा ठपका आला, तो जिव्हारी लागून प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ ला सहा स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले. त्यांच्या शौर्याबद्दल बोलायची आपली लायकी नाही. पण सैन्याचा सरनोबत, म्हणजे सेनापतीच, असा गेला की सैन्य पोरकं होतं, हेही खरं. ती पोकळी हंबीरराव मोहित्यांना भरून काढावी लागली.

पुढं मनोबलाचा भार जमिनीवरून पलटणीवर आला. १७६८ ची जंगी पलटण ही मराठा लाइट इन्फंट्रीतली सर्वांत जुनी. रेजिमेंटचं केंद्र बेळगावात, म्हणजे कोल्हापूरकरांना हाकेच्या अंतरावर. संस्थान विलीन झालं तेव्हा राजाराम रायफल्सही याच रेजिमेंटमध्ये आली. टेंबलाई टेकडीवर आजही मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ टेरिटोरियल आर्मी बटालियन आहे. काका ज्या पलटणीत हवालदार, तिथंच पुतण्या शिपाई. तिथं कच खाल्ली तर बातमी गावात आधी पोचते. शिवाय पंधरा वर्षं काढली की पेन्शन. गडाखालच्या शेताची जागा आता तिनं घेतली होती.

वरच्या पातळीवरचं उदाहरणही इथलंच आहे. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात वडगावचे. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगावच्या लढाईत त्यांनी २/२ पंजाब बटालियनचं नेतृत्व केलं. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन हे तिघेही भारतीय बटालियनप्रमुख त्या लढाईत डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळवून परतले. पूर्व विभागाचे प्रमुख असताना, मार्च १९६० मध्ये, थोरातांनी चीनच्या धोक्याबद्दल सविस्तर सराव मांडला. तो दिल्लीत बाजूला पडला. बढत्यांवरून लष्करप्रमुख थिमय्यांनी १९५९ मध्येच राजीनामा देऊन तो नेहरूंच्या आग्रहावरून मागे घेतला होता. त्यांच्यानंतर लष्करप्रमुखपद थोरातांना न मिळता थापरांना मिळालं. पुढच्याच वर्षी १९६२ उजाडलं.

आता अग्निपथ. भरती होणारा तो 'अग्निवीर': चार वर्षं सेवा, जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी; पेन्शन नाही. सरकारचं म्हणणं, फौज तरुण होईल. होईलही. लष्कराची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागली, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. पलटणीत एकाच खोलीत राहणाऱ्या चौघांपैकी एकालाच थांबता येणार, हे चौघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

गावाकडं याचा हिशेब सोयरिकीत लागतो. मुलगा मिलिटरीत आहे म्हटलं की पूर्वी बैठक पुढं सरकायची. आता मुलीकडचे चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतात: परमनंट, की अग्निवीर?