जुन्या शिडाच्या होड्यांचं कुजलेलं लाकूड: दुरुस्तीमागचा इतिहास

जुनी छोटी शिडाची होडी हाती आली की कुजलेलं लाकूड काढून नवं बसवायचं की एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारं चिकट रेझिन) भरून भागवायचं हा प्रश्न येतोच, आणि बरेच जण सरळ एपॉक्सीचा डबा उघडतात. माझं म्हणणं एवढंच की आधी होडी कुठल्या दशकातली आहे ते बघा. ती कशाने चिकटवलीय आणि कुठल्या स्क्रूने धरलीय त्यावरून ती कुठे कुजणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

कुजणं म्हणजे बुरशी. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की ती वाढायला लागते. तिला खारं पाणी फारसं मानवत नाही, पावसाचं गोडं पाणी मानवतं, त्यामुळे होडीचं बूड ठणठणीत आणि वरच्या कडेच्या पट्ट्या, हॅच (डेकवरचं झाकण), मास्टखालचा म्हणजे डोलकाठीखालचा भाग भुसभुशीत, असं सर्रास दिसतं.

हे दुखणं मोठ्या जहाजांइतकंच जुनं. ब्रिटिश नौदलाचं 'क्वीन शार्लट' १८१० मध्ये डेप्टफर्डला पाण्यात उतरलं आणि धड कामाला लागायच्या आधीच कुजलेलं निघालं, पुन्हा बांधल्यासारखं दुरुस्त करावं लागलं. आणि त्याच काळात आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी मलबारी सागवानाची जहाजं बांधत होती, त्यातलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय! सागवानातलं नैसर्गिक तेल बुरशीला टिकू देत नाही. म्हणून पुढे छोट्या होड्यांवरही परवडेल तिथे सागवान आणि नाही तिथे महोगनी असा रिवाज पडला.

त्या जुन्या फळ्यांच्या होड्यांत गोंदाचं काम फारसं नव्हतंच, तांब्याचे खिळे वॉशरवर ठोकून फळ्या धरलेल्या असायच्या. दुरुस्ती म्हणजे कुजका भाग पटाशीने चांगलं लाकूड लागेपर्यंत काढायचा, त्याच जातीच्या लाकडाचं ठिगळ, रेषा जुळवून, सफेदा आणि जवसाच्या तेलाच्या लुकणात बसवायचं. वेळखाऊ, पण पुढच्या माणसाला ते परत उघडता यायचं. हा गुण नंतर गेला.

खरा बदल दुसऱ्या महायुद्धाने आणला. मॉस्किटो हे प्लायवुडचं ब्रिटिश लढाऊ विमान आधी केसीनच्या म्हणजे दुधापासून केलेल्या गोंदाने जोडायचे, तो दमट हवेत टिकेना, मग कृत्रिम रेझिनचे गोंद आले. युद्ध संपल्यावर तेच प्लायवुड आणि तेच गोंद होड्यांत शिरले. फेअरी मरीन या ब्रिटिश कंपनीने डिझायनर उफा फॉक्सची फायरफ्लाय ही छोटी होडी लाकडाचे पातळ थर साच्यावर उष्णतेने दाबून बनवली, १९४८ च्या ऑलिंपिकला ती होती आणि डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने आपलं पहिलं सुवर्ण तिच्यावरच मिळवलं.

मग १९६३ ची मिरर ही छोटी होडी. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांचं डिझाइन, डेली मिरर वर्तमानपत्राचा पाठिंबा, लाल शिडं, घरी किट आणायचं आणि प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांध्यावर काचकापडाची पट्टी पॉलिएस्टर रेझिनने चिकटवायची. ७० हजारांहून जास्त बनल्या. साध्या नोकरदार घरांना शिडाची होडी मिळाली ती यामुळे, मला या डिझाइनबद्दल मनापासून आदर आहे. पण पॉलिएस्टर लाकडाला एपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही. वर्षांनी पट्टीची कड सुटते, मागे पाणी शिरतं, बाहेरून रंग छान आणि आत प्लायवुडचे थर सुटे. डॅगरबोर्डची (बुडातून खाली सरकवायच्या फळीची) पेटी आणि मागच्या फळीचे कोपरे आधी तपासा. स्क्रूभोवती काळपट कडं दिसलं की तिथे टोच्या टेकवून बघा, चांगलं लाकूड विरोध करतं, कुजलेल्यात तो न दाबता जातो. पितळी स्क्रू गुलाबी पडलेला असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, फिरवताना डोकं तुटून हातात येणार.

फायबरग्लास आलं तेव्हा लाकूड संपलं असं वाटलं, पण हँडरेल, कडेच्या पट्ट्या, सुकाणूचा दांडा लाकडीच राहिले, तेही डेकमधून आरपार स्क्रूने. त्याच भोकांतून पाणी आत गेलं आणि डेकच्या थरांमधलं बाल्सा हे हलकं लाकूड कुजलं.

१९६९ च्या सुमाराला मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी लाकडासाठी एपॉक्सी आणलं आणि दुरुस्तीची पद्धतच पालटली. तुटका भाग कापून १ ला ८ या उताराचा तिरका सांधा करून नवा तुकडा चिकटवला की पुरेशी ताकद येते. स्क्रूचं भोक मोठं करून एपॉक्सीने भरायचं आणि त्यात नवं भोक पाडायचं, म्हणजे पाण्याला लाकूड सापडतच नाही. मात्र ओलं लाकूड न वाळवता वरून लेप दिलात तर ओल आत कोंडते. आणि पातळ एपॉक्सी टोचून कुजलेलं लाकूड कडक होतं हे खरं, पण गेलेली ताकद परत येत नाही, म्हणून जिथे शिडाच्या दोरांचा ताण येतो तिथे हा उपाय करू नका, कापाच.

सागवानाचं आता वेगळंच झालंय. म्यानमारने २०१४ पासून कच्चे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, चांगला तुकडा मिळणं अवघड आणि महाग झालं, त्यामुळे जुन्या होडीवरचं सागवान वाचेल तेवढं वाचवा. चिकटवण्याआधी ताजं घासून अॅसिटोनने पुसा, तेल पृष्ठभागावर परत यायच्या आत, लगेच, एपॉक्सी लावा.