दपार्दों: खांद्यावरचा कॅमेरा ट्रायपॉडवर कसा गेला

फ्रेंच माहितीपटकार रेमों दपार्दों (जन्म १९४२) हे मुळात वृत्तछायाचित्रकार. शेतकरी घरातून आले, १९६६ मध्ये ‘गामा’ या फोटो एजन्सीच्या संस्थापकांपैकी एक झाले, नंतर ‘मॅग्नम’ या दुसऱ्या फोटो एजन्सीत गेले.

१९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जिस्कार देस्तँ यांच्या प्रचारात ते १६ मिमी (१६ मिलिमीटर रुंद फिल्मचा) कॅमेरा घेऊन हिंडले. पैसा उमेदवाराचाच होता. जिस्कार ५०.८१ टक्के मतांनी निवडून आले, पण फिल्म त्यांनी अडवून ठेवली. ती चित्रपटगृहात लागली २००२ मध्ये. दपार्दों आणि ध्वनिमुद्रक क्लोदीन नुगारे यांनी १९९२ मध्ये स्वतःची निर्मितीसंस्था काढली, त्यामागे हा धडा नसेल असं वाटत नाही.

खांद्यावरच्या कॅमेऱ्याला मर्यादा होत्या. १६ मिमीचं ४०० फुटी रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने जेमतेम ११ मिनिटं पुरतं. शिवाय दोघं बोलत असताना एकाकडून दुसऱ्याकडे वळलं, की उत्तराची सुरुवात हमखास हुकते. आणि कुणाकडे कधी वळायचं हे ठरवताना कॅमेरामन नकळत बाजू घेतो.

‘देली फ्लाग्राँ’ या माहितीपटात (१९९४) त्यांनी वळणंच बंद केलं. पॅरिसच्या न्यायालयातली सरकारी वकिलांची खोली. कॅमेरा ट्रायपॉडवर, टेबलाच्या बाजूला. सरकारी वकील आणि आरोपी एकाच चौकटीत, समोरासमोर. फोकस आधीच लावलेला. चौकट हलत नसल्यामुळे आरोपीची चुळबूळ आणि वकिलाचा कंटाळा एकाच वेळी दिसतो. कापाकापीला मात्र वाव उरत नाही: संभाषण फसलं तर दुसऱ्या कोनाचा शॉट घालून ते सावरता येत नाही, सबंध टाकूनच द्यावं लागतं. म्हणून चित्रीकरण ८६ जणांचं, फिल्ममध्ये १४. न्यायालयातल्या सुनावणीवरच्या ‘दिझियॅम शांब्र’मध्ये (२००४) १६९ प्रकरणांतून १२ उरली. त्यासाठी खास परवानगी लागली, कारण १९५४ पासून फ्रेंच न्यायालयांत कॅमेऱ्याला बंदी होती. एवढा माल बाजूला टाकायची मुभा बाहेरचा निर्माता सहसा देत नाही.

२०१३ च्या कायद्याने, मनोरुग्णालयात इच्छेविरुद्ध ठेवलेल्या रुग्णाला १२ दिवसांच्या आत न्यायाधीशापुढे आणणं सक्तीचं झालं. त्या सुनावण्यांवरच्या ‘दूझ झूर’साठी (म्हणजे ‘बारा दिवस’, २०१७) दपार्दोंनी तीन डिजिटल कॅमेरे लावले: एक रुग्णावर, एक न्यायाधीशावर, तिसरा सगळ्या खोलीवर. रिळाची अडचण गेली, कापायची सोय परत आली. कॅमेरे मात्र जागचे हलले नाहीत.