केआगे इन्क्लाइन: बहराखालच्या रुळांची पार्श्वभूमी

मार्चअखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमधल्या क्योतो शहराच्या केआगे भागात जुन्या रुळांच्या दुतर्फा सुमारे ९० चेरीची झाडं फुलतात आणि रुळांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. फोटो पाहून अनेकांना ही बंद पडलेली आगगाडीची वाट वाटते. पण इथून आगगाडी कधीच धावली नाही. या रुळांवरून होड्या जात. हाच केआगे इन्क्लाइन, म्हणजे होड्या वर-खाली नेणारा रुळांचा उतार.

बिवा सरोवराचं पाणी क्योतोत आणणाऱ्या आणि होड्यांनाही वाट देणाऱ्या कालव्याचं काम १८८५ मध्ये सुरू झालं आणि १८९० मध्ये पुरं झालं. राजधानी क्योतोहून तोक्योला गेल्यावर शहराला आलेली अवकळा घालवणं, हा त्यामागचा हेतू. अडचण केआगेला होती. तिथे पाणी एकदम ३६ मीटर खाली उतरतं, त्यामुळे होडी पाण्यातून पुढे नेणं शक्य नव्हतं. म्हणून ५८२ मीटरचा उतार बांधून दुहेरी रूळ टाकले. होडी पाण्यातच चाकांच्या गाड्यावर चढवायची आणि तारेच्या दोराने गाडा ओढायचा. उतारू होडीतच बसून राहत. दहा-पंधरा मिनिटांत होडी दुसऱ्या टोकाच्या पाण्यात तरंगू लागे.

हा दोर कशाच्या बळावर ओढायचा, यावर मात्र इतिहासात लिहिलं जातं त्याहून बरंच अधिक लिहायला हवं. मूळ आराखड्यात पाणचक्क्या होत्या. पूर्वेकडच्या डोंगराच्या पायथ्याशी त्या रांगेने बसवून कारखान्यांना शक्ती पुरवायची, असा बेत होता. बांधकाम बरंच पुढे गेलेलं असताना, १८८८ मध्ये दोघे जण अमेरिकेला पाहणीसाठी गेले. त्यांपैकी एक या कामाचा तरुण मुख्य अभियंता. कोलोरॅडोतल्या ॲस्पेनला त्यांनी पाण्यावर चालणारी वीज पाहिली आणि परतल्यावर पाणचक्क्यांचा बेत रद्द झाला. जपानमध्ये लोकांना वीज विकणारं जलविद्युत केंद्र तोवर एकही नव्हतं. कालव्यासाठी क्योतोकरांवर खास कर बसवलेला होता, म्हणजे या धाडसाचा भार त्यांच्याच डोक्यावर होता. तरीही निर्णय योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे. १८९१ मध्ये उताराच्या पायथ्याशी वीजकेंद्र सुरू झालं, होड्या त्याच विजेवर चढू-उतरू लागल्या आणि १८९५ मध्ये जपानची पहिली विजेची ट्राम याच शहरात धावली. पाणचक्क्यांसाठी योजलेल्या भागात पुढे नान्झेन्-जी मंदिराच्या आसपास धनिकांचे बंगले आणि बागा उभ्या राहिल्या. बागांतले ओढेही कालव्याच्याच पाण्याचे. जुना बेत टिकला असता तर आज तिथे गिरण्यांची रांग दिसली असती.

पण इन्क्लाइनवर गदा आली तीही विजेमुळेच. १९१२ मध्ये क्योतो आणि ओत्सु या शहरांदरम्यान विद्युत रेल्वे सुरू झाली आणि होडीचे उतारू झपाट्याने आटले. माल १९२० च्या दशकापर्यंत भरपूर जात होता. मग तोही रेल्वेकडे आणि ट्रककडे वळला. १९४८ मध्ये गाडे थांबले.

पुढचा भाग फुलांच्या फोटोंत हरवतो. १९७० च्या दशकात हे रूळ चक्क उखडले गेले होते. १९७७ मध्ये ते वारसा म्हणून पुन्हा टाकले, तेव्हा आज आपण ज्यांवरून चालतो ती पुनर्रचना आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उतार, त्याची लांबी आणि वरखालचे होड्यांचे तलाव जागेवर आहेत. १९८९ मध्ये खालच्या टोकाजवळ कालव्याचं संग्रहालय झालं. १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, २०१८ पासून ओत्सु ते केआगे पर्यटकांच्या होड्या पुन्हा जाऊ लागल्या आणि २०२५ मध्ये कालव्याच्या बोगद्यांसह इन्क्लाइनला ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरवण्यात आलं.

तिकीट नाही, फाटक नाही. भुयारी रेल्वेच्या केआगे स्थानकाबाहेर पडलं की काही पावलांवर इन्क्लाइनखालून जाणारा विटांचा छोटा बोगदा लागतो. वरचा भार पेलावा म्हणून त्याच्या विटा पिळल्यासारख्या तिरक्या रचल्या आहेत. गर्दी रुळांवर असते तेव्हा तो निवांत पाहता येतो.