थोरल्या आईचं खरं वय

आमची पणजी, म्हणजे घरात सगळ्यांची थोरली आई, २०२० च्या फेब्रुवारीत गेली. बाराव्याच्या कार्डावर तिचं वय १०७ छापलं होतं. आधार कार्डाप्रमाणे ती ९५ वर्षांची होती. आता सोप्यातल्या तिच्या फोटोखाली जन्मतारीख घालायची आहे. ती कशी सापडली, हे पुढच्या पोरांसाठी लिहून ठेवायला हवं.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठाला. ती जन्मली तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, १९४९ साली तो दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली सांगली. जिल्ह्याचं नाव दोनदा बदललं. तिनं गाव एकदाच बदललं, लग्नात.

शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर निदान १ जून तरी मिळाला असता. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी अंदाजानं साल धरून १ जून लावायचे. तिच्या चारही मुलांच्या दाखल्यावर तीच तारीख आहे. जन्मनोंद सक्तीची करणारा कायदा १९६९ चा, लागू झाला १९७० पासून. तोवर तिला सुना आल्या होत्या. आधारचं मशीन गावात आलं तेव्हा धाकट्या आजोबांनी 'घाला सत्त्याऐंशीच्या आसपास' म्हणून सांगितलं आणि थोरल्या आईला १ जानेवारी १९२५ ही तारीख मिळाली. तिच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा वाढदिवस असा १ जानेवारीला येतो.

तिचा स्वतःचा हिशेब मात्र पक्का होता, आणि आम्ही तो कधी कागदावर मांडला नाही याचं मला वाईट वाटतं. वय विचारलं की ती आकडा सांगायचीच नाही. म्हणायची, "मानमोडीत आय गेली, तवा मी रांगत हुते. पौषातली मी."

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबईत शिरला, सप्टेंबर-ऑक्टोबरात खेड्यापाड्यांत पसरला. त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. १९११ ते १९२१ या एकाच दशकात जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली दिसते, त्याचं मोठं कारण ही साथ. तरण्या बायाबाप्यांना तिनं जास्त नेलं. थोरल्या आईला तिच्या आत्यानं शेळीच्या दुधावर वाढवलं.

दुसरी खूण कन्यागताची. गुरू कन्या राशीत आला की कृष्णेला पर्वकाळ लागतो, साधारण बारा वर्षांनी. २००४ साली ती आमच्याबरोबर नरसोबाच्या वाडीला आली होती. २०१६ ला गुडघे चालत नव्हते, म्हणून घंगाळातल्या पाण्यात कृष्णेचं पाणी मिसळून घरीच आंघोळ घातली. तेव्हा म्हणाली, "हे नववं. पयलं बापाच्या खांद्यावर." नऊ कन्यागतं म्हणजे मधली आठ अंतरं, शहाण्णव वर्षांच्या आतबाहेर. पहिलं १९२१ च्या सुमाराला येतं. बापाच्या खांद्यावर बसायचं वय तेच.

लग्नाचंही तसंच. शारदा कायदा १९२९ साली मंजूर झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता, लग्नाला मुलीचं वय निदान चौदा. त्याआधी उरकून घ्या म्हणून जिकडंतिकडं बाशिंगं बांधली गेली. एका मांडवात तिचं आणि तिच्या दोन चुलत बहिणींचं लागलं. धाकटी झोपली होती, मामानं तिला तशीच बोहल्यावर धरली. थोरली आई तेव्हा बारा वर्षांची असणार.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पत्री सरकारच्या काळात रात्री-अपरात्री भूमिगतांसाठी भाकऱ्या थापल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, आधी दावणीची जनावरं सोडली, मग माणसं उठवली. बहात्तरच्या दुष्काळात पन्नाशी ओलांडलेली असताना खडी फोडली, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या.

कागद मिळाला तो दुसऱ्याच कामात. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा आमच्या चुलत्यांनी तिच्या माहेरच्या गावचं कोतवाल बुक काढायला लावलं. हा गावचा जन्ममृत्यूचा जुना नमुना. लिखाण मोडी लिपीत, म्हणून वाचायला जाणकार बसवला. जातीच्या रकान्यात काय आहे हा त्यांचा प्रश्न होता. माझं लक्ष तारखेकडे होतं.

१९ जानेवारी १९१८. पौषच. पुढे तिच्या वडिलांचं नाव आणि 'मुलगी'. तिचं नाव नाही. बारसं व्हायच्या आत नोंद झाली की नाव कुठून येणार? शाई तपकिरी पडलीय, कडेला वाळवीनं खाल्लंय, पण अक्षर ठसठशीत आहे. म्हणजे जाताना तिला १०२ वर्षं पुरी झाली होती. कार्डावर आम्ही पाच वाढवली, आधारनं सात कमी केली. मानमोडी आली तेव्हा ती आठ-नऊ महिन्यांची. रांगतच असणार.

जाणकारांनी तसंच पुढं वाचत नेलं. मृत्यूच्या बाजूला ऑक्टोबरची पानं आली. एरवी महिन्याला दोन-तीन ओळी असायच्या, इथं पान भरून मागच्या बाजूला गेलेलं. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्यानं पुढे पुढे शब्द सोडून नुसती रेघ ओढली आहे. सातव्या ओळीवर तिच्या वडिलांचं नाव होतं, त्याला लागून 'याची बायको', वय २२.

फोटोखाली आता १९ जानेवारी १९१८ घालायचं ठरलंय. तिच्या आईचा फोटो कुठंच नाही आणि नावही कुणाला आठवत नाही. त्या ऑक्टोबरच्या पानाची नक्कल मी वेगळी मागून घेतली आहे.