स्ट्रॅथस्पे म्हणजे संथ रील नव्हे

डॅनियल डाऊ हा अठराव्या शतकातला स्कॉटिश फिडलवादक. पर्थशायरमध्ये जन्मलेला, एडिंबरामध्ये संगीत शिकवणारा. त्याने एक धून बांधली आणि एका जमीनदाराच्या नावाने ती छापली: 'सर आर्चिबाल्ड ग्रँट ऑफ मोनीमस्क्स रील'. आज ती नुसत्या 'मोनीमस्क' या नावाने ओळखली जाते. रील आणि स्ट्रॅथस्पे हे स्कॉटिश नाचाच्या धुनांचे दोन प्रकार. गंमत अशी, की नावात 'रील' असूनही स्कॉटलंडमध्ये ती स्ट्रॅथस्पे म्हणून वाजते. अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेलं तर तीच धून 'मनी मस्क' होते आणि तिथे ती पुन्हा रील असते. स्वर जवळजवळ तेच, वंश एकच, आणि तरी ऐकणाऱ्याला दोन निराळ्या वस्तू ऐकू येतात.

हा गोंधळ मोनीमस्कपुरता नाही. स्कॉटिश फिडल नव्याने ऐकणारा जवळपास प्रत्येक माणूस इथे अडखळतो. (फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवण्याची रीत आणि घराणं वेगळं.) आपल्यासारख्या, ख्यालाची सवय असलेल्या कानाला तर एक सोपं उत्तर लगेच सुचतं: स्ट्रॅथस्पे हे विलंबित आणि रील हे द्रुत. बरीच वर्षं मीही असंच धरून चाललो होतो. हे उत्तर अर्धंसुद्धा बरोबर नाही, आणि ते मनात पक्कं बसलं की या संगीतातली सगळ्यात सुंदर गोष्ट कानाआड होते, म्हणून हा लेख.

एक प्रयोग करून बघा. यूट्यूबवर वेग कमी करण्याची सोय असते. एखादी चांगली रील पाऊण वेगाने लावा. ऐकू येईल ती मंदावलेली, जरा सुस्त रील. स्ट्रॅथस्पे नाही. उलट एखादी स्ट्रॅथस्पे वेग वाढवून लावली, तर ती घाईत अडखळल्यासारखी वाटेल, रीलसारखी वाहणार नाही. म्हणजे फरक लयीचा नाही, वजनाचा आहे. केरवा आणि भजनी ठेका दोन्ही आठ मात्रांचे, पण भजनाला बसलेला माणूस डोळे मिटूनही सांगेल की आता ठेका बदलला. इथेही तसंच आहे.

हे वजन मराठी वाचकाला समजावणं मला इंग्रजी वाचकाला समजावण्यापेक्षा सोपं वाटतं, कारण लघु-गुरु आपण शाळेत शिकलेलो असतो. रीलच्या एका ठोक्यात चार सारखे लघू असतात, आणि असे दोन ठोके मिळून एक घर होतं. 'सरसर सरसर' असं म्हणा, प्रत्येक 'सरसर'मधल्या पहिल्या 'स'वर जरा जोर द्या, आणि थांबू नका. हीच रील. स्ट्रॅथस्पेच्या घरात चार ठोके असतात आणि प्रत्येक ठोका असमान चिरलेला असतो: कधी गुरु-लघु, कधी लघु-गुरु. 'काल नदी, काल नदी' असं म्हणा, 'काल'मधला ल पूर्ण उच्चारून. फक्त गुरु हा लघूच्या दुप्पट नव्हे, तिप्पट धरा, कारण लेखी स्वरलिपीत हे प्रमाण तीनास एक असं असतं. आता 'नदी' म्हणताना आघात 'न'वर द्या. छोट्या अक्षरावर ठोका आणि मोठं अक्षर त्याच्यामागे सांडल्यासारखं. या उलट्या झटक्याला 'स्कॉट्स स्नॅप' म्हणतात.

हा झटका स्ट्रॅथस्पेचा प्राण आहे. तो नुसता 'काल काल काल काल' असा एकसुरी झाला तर स्ट्रॅथस्पे घोड्याच्या टापांसारखी वाटते. मधूनच 'नदी' आली की चाल कंबरेतून मुरडते. त्याचं मूळ पुष्कळ जण गेलिक भाषेत शोधतात, आणि मला ते पटतं. स्कॉटिश गेलिकमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो, मग ते अक्षर ऱ्हस्व असलं तरी. वाद्य हाताशी नसलं की लोक नुसत्या तोंडाने शब्द घोळवत नाचाच्या चाली गात. त्या प्रकाराला 'पोर्त अ बेल' म्हणजे तोंडी धुना असं नाव आहे. बोलीतलं वजन गळ्यातून गजात उतरलं असेल तर नवल नाही.

गजाचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण कानाला जो फरक जाणवतो तो घडतो उजव्या हातात. गज खाली ओढताना मूठ तारेजवळ असते, हाताचं वजन सहज मिळतं. वर ढकलताना सुरुवात टोकाकडून होते, तिथे गज हलका आणि स्वर दुबळा. रीलमध्ये हे फारसं आड येत नाही, कारण गज अखंड मागेपुढे वाहत असतो आणि मनगट सैल असतं. स्ट्रॅथस्पेत मात्र ऱ्हस्व स्वर टोकदार हवा, दीर्घ स्वर भरलेला हवा, आणि मध्ये गज क्षणभर थबकायला हवा. त्यासाठी वादक काही स्वर एकाच वरच्या गजात कोंबतात आणि त्या दुबळ्या दिशेला मुद्दाम जोर लावतात.

नील गाऊ (1727–1807) याचं नाव झालं ते याच जोरावर. पर्थशायरमधल्या डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावचा हा माणूस. अथॉलच्या ड्यूकचा आश्रय त्याला होता. हेन्री रेबर्नने काढलेलं त्याचं चित्र एडिंबराच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे: चौकड्यांची तोकडी विजार, हातात फिडल, चेहरा शेतकऱ्यासारखा मोकळा. त्याच्या मृत्यूनंतर लिहिणाऱ्यांनी आवर्जून नोंदवलं की इतरांचा वरचा गज जिथे मलूल पडे, तिथे गाऊचा गज सर्वात जोरकस बोले. तरुणपणी त्याने जिंकलेल्या एका स्पर्धेचा परीक्षक अंध होता, आणि शंभर वादकांतही नीलचा हात मी ओळखेन असं तो म्हणाला, अशी आठवण सांगतात. शब्दशः खरी असो वा नसो, ती एका गजाविषयी आहे, बोटांच्या चपळाईविषयी नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता मुळाकडे जाऊ. दोघींत रील थोरली. आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या लेखी उल्लेखांपैकी एक फार दुःखद ठिकाणी सापडतो. 1590 ते 91 मध्ये नॉर्थ बेरिक इथे चेटकिणींचे खटले चालले. 1591 मध्ये छापलेल्या एका पुस्तिकेत म्हटलं आहे की आरोपी बायका रात्री चर्चपाशी जमून 'रील' नाचल्या आणि गेलिस डंकन ही मोलकरीण पुढे मोरचंग वाजवत चालली. राजा सहावा जेम्स याला हे इतकं अद्भुत वाटलं की त्याने तिला समोर बोलावून तेच नृत्य वाजवायला लावलं. तिचा कबुलीजबाब छळ करून घेतलेला होता, आणि पुढे तिला देहदंड झाला. चर्चपाशी नाच झालाच नसेल. पण 'रील' नावाचा नाच तेव्हा लोकांच्या ओळखीचा होता, एवढं त्या पुस्तिकेवरून दिसतं.

म्हणजे रील आधी नाच होता, धून नंतर झाली. काही माणसं एकमेकांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंफत फिरायची, मग जागेवर थांबून पदन्यास दाखवायचा, मग पुन्हा गुंफण.

स्ट्रॅथस्पेचं नाव मात्र थेट नकाशावर आहे. 'स्ट्रॅथ' म्हणजे नदीचं रुंद, सपाट खोरं, आणि स्पे ही हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागाच्या, ईशान्येकडची नदी. आज ते खोरं व्हिस्कीसाठी अधिक ओळखलं जातं. अठराव्या शतकाच्या मध्यावर या खोऱ्यातले वादक रील वाजवण्याच्या आपल्या खास ढंगासाठी नावाजले गेले, आणि त्या ढंगाला 'स्ट्रॅथस्पे रील' म्हणू लागले. ग्रँटाउनच्या अँगस कमिंगने 1780 मध्ये काढलेल्या संग्रहाचं नावच 'स्ट्रॅथस्पे किंवा जुन्या हायलँड रील्स' असं आहे. 'किंवा' हा शब्द बघा. त्याच्या लेखी स्ट्रॅथस्पे हा रीलचाच प्रकार होता, जसं आपल्याकडे एखाद्या गावाच्या नावाने पेढा ओळखला जावा तसा. हळूहळू विशेषण राहिलं आणि नाम गळून पडलं. डाऊच्या मोनीमस्कचं कोडं इथेच सुटतं: त्याने 'रील' लिहिलं ते त्या काळाला धरूनच होतं. नंतर शब्दाचा अर्थ आकसला, छापलेलं शीर्षक तसंच राहिलं.

त्या खोऱ्याच्या खालच्या टोकाला, फॉकाबर्सला, विल्यम मार्शल (1748–1833) जन्मला. गॉर्डनच्या ड्यूकच्या वाड्यावर तो कारभारी होता, घड्याळं बनवायचा, आणि उरल्या वेळात अशा स्ट्रॅथस्पे बांधायचा की कवी रॉबर्ट बर्न्सने त्याला त्या काळातला पहिल्या क्रमांकाचा स्ट्रॅथस्पेकार म्हटलं. बर्न्सचं 'ऑफ अ द एअर्ट्स' हे गाणं मार्शलच्या 'मिस अॅडमिरल गॉर्डन्स स्ट्रॅथस्पे'वर बेतलेलं आहे. मार्शलच्या चाली अवघड असतात, स्वरांच्या उड्या लांब असतात. माझ्या मते स्ट्रॅथस्पे नाचाच्या मंडपातून उठून बैठकीत आली ती त्याच्या हातून. गाऊ घराण्याचं काम वेगळं: नील आणि त्याचा मुलगा नॅथॅनिएल यांनी 1784 पासून संग्रहामागून संग्रह छापले आणि दोन्ही प्रकार एडिंबराच्या दिवाणखान्यांत पोहोचवले. त्यात आपल्या चाली नाव बदलून छापल्या, अशी मार्शलची तक्रार होती. चालींना आश्रयदात्यांची नावं देण्याची पद्धत असल्यामुळे एकच धून दोन लेडींच्या नावे सापडते, आणि मूळ कर्ता शोधताना आजही दमछाक होते.

याच काळातल्या एका चालीचा धागा थेट पुण्याजवळ येऊन पोहोचतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षांत संचलनाच्या शेवटी उत्तीर्ण तुकडी 'क्वार्टरडेक' म्हणतात त्या जागेसमोरून संथ पावलांनी निघते, तेव्हा बँडवर 'ऑल्ड लँग साइन' वाजतं. अनेक मराठी आईबापांनी ते डोळे भरून ऐकलं आहे. ही चाल 'द मिलर्स वेडिंग' नावाच्या एका जुन्या स्ट्रॅथस्पेच्या कुळातली. रॉबर्ट ब्रेमनरने 1757 पासून हप्त्याहप्त्याने काढलेल्या नाचाच्या संग्रहात ती आहे. बर्न्सच्या शब्दांशी आजची चाल जोडून छापली गेली ती 1799 मध्ये, बर्न्स गेल्यानंतर तीन वर्षांनी. त्याच कुळातलं 'कमिन थ्रू द राय' ऐकलं तर 'बॉडी' या शब्दावर तो लघु-गुरु झटका स्पष्ट सापडतो. 'ऑल्ड लँग साइन'मध्ये 'काल काल' उरलं, 'नदी' पार घासून गुळगुळीत झाली. गिरणीवाल्याच्या लग्नात नाचायची चाल निरोपाची झाली, ती बरीचशी त्या एका झटक्याच्या जाण्याने.

नाचाच्या अंगाने फरक थोडक्यात: आजच्या स्कॉटिश कंट्री डान्समध्ये 32 घरांची रील साधारण अर्ध्या मिनिटात संपते, तेवढ्याच घरांच्या स्ट्रॅथस्पेला मिनिटभर लागतं. रीलमध्ये पाऊल जमिनीला जेमतेम शिवतं. स्ट्रॅथस्पेमध्ये ते घसरत, ताणत जातं, आणि खरा कस लागतो तो तोल सांभाळण्यात.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक माणूस उभा राहिला, त्याने स्वतःलाच 'स्ट्रॅथस्पे किंग' म्हणवून घेतलं: बँकरीचा जेम्स स्कॉट स्किनर (1843–1927). तो नाचाचा शिक्षकही होता, त्यामुळे त्याच्या चालींना पाय आहेत. 'द लेअर्ड ओ ड्रमब्लेअर' ही त्याची स्ट्रॅथस्पे त्याला राहायला घर देणाऱ्या जमीनदाराविषयीच्या कृतज्ञतेतून बांधलेली आहे, आणि माझ्या कानाला स्नॅप शिकायला तिच्याइतकी चांगली दुसरी चाल नाही. त्याचं सुदैव आणि आपलंही, की ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्याच्या हयातीत आलं. खरखरीतूनही त्याचा गज ऐकू येतो.

या दोघी बहिणी वेगळ्या झाल्या तरी एकत्र नांदतात, हे शेवटी सांगायलाच हवं. बॅगपाइप वाजवणाऱ्या पाइप बँडच्या स्पर्धांत मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील अशी ठरलेली साखळी असते. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर, जिथे हायलँड्समधून उठवली गेलेली गेलिक माणसं जाऊन वसली, तिथले फिडलवादक आजही नाचासाठी आधी स्ट्रॅथस्पे धरतात. ती स्कॉटलंडपेक्षा जरा चपळ असते, कारण समोर एखादा नाचणारा टाचा-चवड्यांनी जमिनीवर ठेका धरत असतो. दोन-तीन स्ट्रॅथस्पे झाल्या की न थांबता, बहुधा त्याच सुरात, रील सुरू होते. तो क्षण पकडायला कान टवकारून बसा. 'काल नदी' करत आलेला गज अचानक मोकळा होतो, थबकणं संपतं, स्वर सरसर सुटतात, आणि नाचणाऱ्याची पावलं बदललेली असतात, मान मात्र तशीच सरळ.