चाळिशीतला व्यायाम आणि ताट : आपल्याकडची पार्श्वभूमी

महाराष्ट्राची व्यायामाची परंपरा मोठी आहे, पण ती जवळपास सगळी तरुणांसाठी उभी राहिली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. गावोगावच्या तालमींत जोर, बैठका, मुद्गल, घोर लेझीम चालत आलं. १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी आसनांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतले. या सगळ्यामागे बलवान पिढी घडवण्याचं स्वप्न होतं. ती पिढी संसाराला लागल्यावर तिच्या शरीराचं काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवलं हे सर्वांना ठाऊक आहे. पन्नाशीत, मंडालेच्या तुरुंगात, त्यांना मधुमेहाचं पथ्य सांभाळावं लागलं हे कमी सांगितलं जातं. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण विशीत कमावलेलं बळ आपोआप पन्नाशीपर्यंत पुरत नाही, हे मात्र खरंच आहे.

याला एक ठळक अपवाद आहे, तो औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांचा. त्यांचा जन्म १८६८ चा. आधी बरीच वर्षं त्यांनी युरोपातल्या सँडो या बलदंड व्यायामपटूच्या पद्धतीने व्यायाम केला आणि चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, बायकांनीही घालावेत असा आग्रह धरला, आणि स्वतः म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत. तालमीची दारं बायकांना बंद असण्याच्या त्या काळात हे फार मोलाचं होतं.

तालमीतून बाहेर पडलेल्यांचं काय झालं, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही विचारावं. मेहनत सुटली, खुराक मात्र चालूच राहिला. दूध, तूप, बदाम अंगी लागायला जोर-बैठकांची जोड लागते. ती गेली की तेच पोटावर साठतं. मग चाळिशीनंतर साखर निघाली की डॉक्टर सांगणार, ‘चालायला जा.’ सल्ला चांगला आहे, पण अपुरा. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचं वजन साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि नुसत्या चालण्याने ही घट थांबत नाही. जेवणातली साखर सर्वांत जास्त शोषतात ते स्नायूच. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दमवणाऱ्या चालण्याबरोबर किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते.

आपल्याला हे जास्तच का लागू पडतं, त्याचं उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळं हडकुळी, सरासरी २.७ किलोच्या आसपासची. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. २००४ साली याज्ञिकांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्यावरचं वजन आपल्या बाबतीत किती फसवं ठरतं, हे याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २३ वर आणली गेली आणि कमरेची पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटर ठरली, ती याच कारणाने. माप बेंबीवरून नव्हे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून घ्यायचं.

आता ताट. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. पुढे रेशनचा गहू-तांदूळ घरोघरी पोचला आणि ज्वारी मागे पडली. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. नंतरच्या दशकांत साखर मुबलक झाली. म्हणून ज्वारी परत आणली की काम झालं असं अनेकजण मानतात, ते पटत नाही. प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतही सुमारे ८० ग्रॅम कर्बोदकं असतात. चार भाकऱ्या आणि ठेचा, हे जेवण शेतात राबणाऱ्याचं होतं, खुर्चीत बसणाऱ्याचं नाही.

खरी उणीव प्रथिनांची आहे. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतात. दोन भाकऱ्यांतून १२, दोन वाट्या घट्ट वरणातून १२, ४० ग्रॅम मटकीच्या उसळीतून ९, २०० ग्रॅम दह्यातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७. बेरीज ४६, दोन अंडी किंवा आणखी एक वाटी उसळ घेतली की गणित जुळतं. प्लेटभर पोह्यांत जेमतेम ४ ग्रॅम असतात, साबुदाण्यात जवळपास काहीच नाही. खिचडीतली प्रथिनं म्हणजे फक्त दाण्याचं कूट. आणि दोन चमचे साखरेचे चार चहा झाले की ४० ग्रॅम साखर पोटात गेली. २५ ग्रॅमच्या आत राहणं उत्तम.

व्यायामात बहुतेकांचं बिघडतं ते विशीतला आकडा चाळिशीत गाठायला गेल्याने. पहिल्याच दिवशी २५ नमस्कार घातले की मनगट, खांदा किंवा कंबर धरते, कारण स्नायूंपेक्षा त्यांना हाडाशी जोडणारे स्नायुबंध सावकाश तयार होतात. ४ ते ६ नमस्कारांनी सुरुवात करावी, दर आठवड्याला दोन वाढवावेत. भुजंगासनात कंबर मोडू नये, छाती पुढे काढावी. तालमीतली टाचा उचलून घातलेली बैठक गुडघ्यावर जास्त भार टाकते. सुरुवातीला मागे खुर्ची ठेवून, टाचा जमिनीला टेकवून, बसण्याइतकं खाली जाऊन उठावं. जोर आधी ओट्याला हात टेकून, मग जमिनीवर. नमस्कारांत ओढण्याची क्रिया जवळजवळ नाही, म्हणून पाठीसाठी ५ किलोचं डंबेल कमरेपर्यंत खेचणं जोडावं. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज जमू लागलं की वजन वाढवावं. रक्तदाब, मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा छातीत कधी भरून आलं असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा जवळ गूळ-साखर ठेवावी.