जुआनिना ग्रंथालय पाहायला जाताय? तिकिटावरची वेळ नीट समजून घ्या

पोर्तुगालमधल्या कोइम्ब्रा विद्यापीठाचं तिकीट व्हॉट्सॲपवर पाठवलं की थोड्या वेळात हमखास फोन येतो. "यावर १०.४० लिहिलंय. म्हणजे १०.४० पर्यंत विद्यापीठात पोचलो की झालं ना?" दर मोसमात हाच प्रश्न इतक्यांदा येतो, की उत्तर छापूनच द्यायचं ठरवलं.

तिकिटावरची वेळ विद्यापीठात पोचण्याची नाही, तिथल्या जुआनिना ग्रंथालयात शिरण्याची आहे. त्या वेळेला तुमचा गट आत घेतात आणि दार लावतात. मग पुढच्या गटाची पाळी. पाच मिनिटं उशीर झाला तरी तुमची जागा गेली असं धरून चाला. पुढच्या गटात घ्यायचं की नाही हे तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हाती असतं आणि गर्दीच्या दिवसांत पुढचे गट आधीच भरलेले असतात. आमच्या प्रवाशांपैकी एका जोडप्याचं असंच झालं. दोघं वेळेआधी अर्धा तास आवारात होते. कठड्याजवळून खाली मोंदेगू नदी फार सुंदर दिसते, तिथे फोटो काढत राहिले. ग्रंथालय तिथून चार पावलांवर, म्हणून निर्धास्त होते. दाराशी गेले तेव्हा गट आत गेला होता. एवढ्या लांब जाऊन ग्रंथालय बाहेरूनच पाहून परतले, याची हळहळ आम्हालाही आहे.

घाईने ठरवण्याआधी हेही लक्षात घ्या, की बाकीच्या जागांना अशी वेळ नसते. जुना राजवाडा, सेंट मायकल चॅपेल हे त्याच दिवशी ग्रंथालयानंतर सवडीने पाहता येतं. म्हणून आधी जुआनिना, मग बाकी सगळं, हा क्रम सोडू नका.

"एवढी कडक शिस्त कशाला?" असंही विचारतात. आत गेल्यावर कळतं. राजा जुआंव पाचवा याच्या काळात १७१७ ते १७२८ दरम्यान ही वास्तू उभी राहिली. एकामागून एक तीन दालनं, छतापर्यंत गेलेली सोनेरी नक्षीची कपाटं, त्यांतच सरकवून ठेवलेल्या शिड्या आणि शेवटच्या टोकाला राजाचं मोठं चित्र. पुस्तकं सोळाव्या ते अठराव्या शतकातली, हजारोंच्या संख्येने. त्यांना जपतात त्या दोन मीटरहून जाड भिंती, सागवानी दार आणि ओक लाकडाची कपाटं. ओकचा वास किड्यांना नकोसा असतो. तरीही जे किडे शिरतात त्यांचा बंदोबस्त वटवाघळं करतात. ही वटवाघळं ग्रंथालयातच राहतात आणि रात्री बाहेर पडून किडे टिपतात. आपल्याकडे पुस्तकाला कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायचे, तिथे हे काम वटवाघळांकडे आहे. त्यांच्या लेंड्यांनी मेजं खराब होऊ नयेत म्हणून रोज संध्याकाळी मेजांवर कातडी आच्छादनं घालतात आणि सकाळी साफसफाई करून काढतात. दिवसा वटवाघळं दिसत नाहीत, तेव्हा घाबरणाऱ्यांनी निश्चिंत असावं.

दार सतत उघडं राहिलं, माणसं हवी तितकी शिरली, तर आतली हवा आणि ओलावा बिघडेल. म्हणून गट मोजका आणि वेळही मोजका, साधारण वीस मिनिटं. त्यातच खालचा मजला आणि पूर्वी विद्यार्थ्यांना शिक्षा म्हणून जिथे डांबायचे ती विद्यापीठाची स्वतःची कोठडीही येते. पुस्तकांना, कपाटांना हात लावायचा नाही. फोटोबद्दल दाराशी जे सांगतील ते ऐकायचं, वाद घालून स्वतःची मिनिटं घालवू नका.

आम्ही प्रवाशांना वेळेच्या चाळीस मिनिटं आधी आवारात बोलावतो. काहींना हे जाचक वाटतं. पण लिस्बनहून येणारी गाडी कोइम्ब्रा-बी स्टेशनला थांबते, गाव तिथून पुढे आहे आणि विद्यापीठ टेकडीच्या माथ्यावर. खालून चढणाऱ्या एका जिन्याचं नावच 'केब्रा कोश्तश' आहे, म्हणजे पाठ मोडणारा. चढून आल्यावर दम खायला आणि दार शोधायला वेळ लागतोच. याच कारणाने लिस्बन ते पोर्तोच्या वाटेवर दोन तासांत कोइम्ब्रा उरकणारा कार्यक्रम आम्ही देत नाही. तो स्वस्त पडतो हे मान्य, पण रस्त्यात गाडी अडकली की पहिली चुकते ती जुआनिनाची वेळ. आमचे प्रवासी आदल्या संध्याकाळी कोइम्ब्रात मुक्कामाला असतात आणि सकाळी ताजेतवाने वर जातात.

ग्रंथालयातून बाहेर आलात की घड्याळ विसरा. हे विद्यापीठ १२९० मध्ये राजा दिनिश याने लिस्बनला स्थापन केलं आणि १५३७ पासून ते कायमचं कोइम्ब्रात आहे. युनेस्कोने २०१३ मध्ये त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. राजवाड्याच्या मोठ्या सभागृहात आजही डॉक्टरेटच्या परीक्षा होतात, त्यामुळे ते कधी बंद मिळालं तर नाराज होऊ नका. घंटेच्या मनोऱ्याचा जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आवारातच बसावं. आणि गोव्याच्या मुक्तीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना सांगावंसं वाटतं, की सत्तेवर येण्याआधी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होता.

चपला, सँडल नकोत. गुळगुळीत दगडी फरसबंदी पावसात फार निसरडी होते. घसरणार नाहीत असे बूट घाला.

सोबत साठीपुढची किंवा चढ न झेपणारी मंडळी असतील तर बुकिंग करतानाच सांगा. त्यांच्यासाठी टेकडीवरचं हॉटेल बघतो आणि सकाळी विद्यापीठापर्यंत टॅक्सी ठरवून देतो. तिकिटं काढल्यावर वेळ बदलून मिळेलच असं नाही, तेव्हा सकाळची हवी की दुपारची हे पैसे भरण्याआधी आम्हाला कळवा.